गॅस जातो कुठे?

गाडीच्या एसीतला गॅस कधीच संपत नाही. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइल काळं पडतं, बॅटरी म्हातारी होते. पण एसीच्या नळ्यांमधून फिरणारा आर-१३४ए हा वायू जळतही नाही आणि झिजतही नाही. कारखान्यात जो रेणू आत गेला, तोच दहा वर्षांनंतरही तसाच्या तसा फिरत असतो. वायू कमी झाला असेल तर कारण एकच, तो कुठून तरी बाहेर गेला. तरीही छत्रपती संभाजीनगरात होळी झाली की जालना रोडपासून बीड बायपासपर्यंत एसीवाल्यांच्या दारात गाड्यांच्या रांगा लागतात आणि गाडीवाला उतरता उतरताच सांगतो, "गॅस मारून द्या."

ऊन असं असतं की घाई कुणालाही होईल. पण गॅस भरणं हे या कामातलं शेवटचं आणि सगळ्यात सोपं पाऊल आहे. खरं काम त्याच्या आधीचं, म्हणजे तो गेला कुठून हे शोधायचं. हा शोध किती विलक्षण असतो आणि त्यासाठी माणसाने काय काय युक्त्या काढल्या हे कळलं, की गॅरेजच्या बिलाकडे बघायची नजरच बदलते.

आधी हा वायू आत काय करतो ते पाहू. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या वाळ्यावरचं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मुंबईत तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते, हे दोन्हीकडचं तत्त्व एकच. एसीतही तेच चालतं. तिथे पाण्याच्या जागी असा द्रव असतो जो उघड्यावर उणे २६ अंशांनाच उकळू लागतो, आणि झालेली वाफ वाऱ्यावर न सोडता गोळा करून तिचा पुन्हा द्रव करायची सोय असते.

डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल बसवलेली असते. तिच्यात दाब साधारण २८ पीएसआय, टायरमधल्या हवेहून थोडा कमीच. त्या दाबाला हा द्रव शून्य अंशाच्या आसपास उकळतो. ब्लोअर गाडीतली गरम हवा कॉइलवरून नेतो, त्या उष्णतेवर आतला द्रव उकळतो आणि हवा गार होते. म्हणजे गाडीतला गारवा ही कॉइलमध्ये चाललेली उकळी आहे! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्यासमोर मी कितीतरी वेळ हात धरून बसलो होतो.

पुढे कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो. बाहेर ४२ अंश असताना उष्णता बाहेर टाकायची, तर वायूला त्याहून जास्त तापावं लागणार. म्हणून दाब २३० पीएसआयच्या घरात नेतात. त्या दाबाला वायू ६० अंशांच्या आसपास द्रव होतो आणि बंपरमागच्या कंडेन्सरवरून जाणाऱ्या रणरणत्या वाऱ्यालाही उष्णता देऊन टाकतो. त्या वाऱ्याने आपल्याला भाजून निघाल्यासारखं होतं, पण वायूच्या लेखी तो गार वाराच.

छोट्या हॅचबॅकमध्ये हा सगळा कारभार चारशे-साडेचारशे ग्रॅम वायूवर चालतो. एक टन क्षमता धरून ढोबळ हिशेब केला तर सेकंदाला वीस-पंचवीस ग्रॅम वायू फिरावा लागतो, म्हणजे तेवढाच वायू मिनिटाला तीनेक फेऱ्या मारतो. इथून पुण्याला पोचेपर्यंत पाच तासांत तो नऊशे वेळा उकळतो, नऊशे वेळा पुन्हा द्रव होतो, आणि पोचल्यावर होता तसाच असतो.

मग तो बाहेर पडतो तरी का? घरचा फ्रीज पंधरा-पंधरा वर्षं गॅस न भरता चालतो. त्याचं रहस्य त्या काळ्या डब्यात आहे. फ्रीजच्या कॉम्प्रेसरची मोटर आणि पंप एकाच पोलादी डब्यात घालून डबा वेल्डिंगने बंद केलेला असतो. फिरणारं काहीच बाहेर येत नाही. गाडीचा कॉम्प्रेसर मात्र इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा बाहेर काढावाच लागतो. मिनिटाला हजारो फेरे घेणारा दांडा आणि त्याला घासत बसलेलं एक सील, एवढाच आतला वायू आणि बाहेरचं जग यांच्यातला अडसर. शिवाय इंजिन रबराच्या माउंटिंगवर थरथरत असतं आणि कंडेन्सर बॉडीला घट्ट बसलेला असतो. दोघांमध्ये लवचीक पाइप हवेच, आणि पाइप आले की सांधे आले. प्रत्येक सांध्यात रबराची ओ-रिंग. पाइपच्या आत नायलॉनचा थर देतात, तरीही काही रेणू त्यातून झिरपतातच. त्यामुळे अगदी निरोगी गाडीसुद्धा वर्षाला काही ग्रॅम गमावते. ते आजारपण समजू नये. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठे तरी भोक आहे, यात शंका नाही.

कंडेन्सर गाडीच्या अगदी पुढे, पातळ ॲल्युमिनियमचा. अजिंठ्याच्या रस्त्यावर काम चालू असताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी थेट त्याच्यावर येते. कूलिंग कॉइलचं दुखणं वेगळं. ती अंधारात, कायम ओली. तिच्यावर धूळ आणि पाल्याचा चुरा बसतो, कुजतो, आणि धातू हळूहळू कुरतडला जातो. तिच्यापर्यंत हात पोचायला बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो.

आता हे भोक केवढं असतं? समजा वर्षाला तीस ग्रॅम गॅस जातोय. तीस ग्रॅम म्हणजे बाहेरच्या दाबाला सुमारे सात लिटर वायू. वर्षाच्या तासांनी भागलं तर तासाला एक घन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. साबणाचं पाणी लावलं तर त्या भोकावर मिनिटाभरात जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा फुगेल. बॉनेटखाली दोन-तीन मीटर पाइप, डझनभर सांधे, शेकडो पत्र्यांचा कंडेन्सर, आणि त्यात तो एक दाणा शोधायचा!

पहिला साक्षीदार तेल. वायूबरोबर थोडं तेलही फिरत असतं, कॉम्प्रेसरला वंगण देत. वायू जिथून निसटतो तिथून तेलाचा अंश बाहेर येतो, त्यावर धूळ चिकटते आणि काळपट डाग तयार होतो. आपल्याकडची धूळ इथे मदतीलाच येते. चिकलठाण्याकडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी हे जवळून पाहिलं. आठेक वर्षांची गाडी होती, मालक निवृत्त गृहस्थ. "कॉइल गेली असेल, बदलून टाका," असं कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं. मिस्त्री विशीतला. त्याने गेज लावलं नाही की मशीन ओढलं नाही. टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्याखालून बोट फिरवलं आणि दर वेळी ते बोट उजेडात धरून पाहिलं. "काका, आधी बघू तर द्या. कॉइलच असेल तर मीच सांगेन."

सांधे कोरडे निघाले. मग गॅस भरायच्या तोंडाशी तो आला. तिथे टायरच्या वाल्व्हसारखीच एक पिन असते आणि तिच्यावर प्लॅस्टिकची टोपी. टोपी गायब होती. त्याने त्या तोंडात साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडला आणि आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. थोडा वेळ काहीच नाही. मग थेंबाच्या कडेला एक पारदर्शक घुमट वर आला, इंद्रधनुषी झाला, फुटला. लगेच दुसरा फुगायला लागला. "पिन आहे काका, कॉइल नाही," मिस्त्री म्हणाला. पिनेची किंमत चहा-नाश्त्याएवढी. ती टोपीसुद्धा नुसती धूळ अडवायला नसते, तिच्या आत रबराचं वायसर असतं आणि पिन किंचित गळत असली तर वायू तीच रोखून धरते. गॅस भरल्यावर टोप्या परत लावल्या का, एवढं जरूर पाहावं.

प्रत्येक गळती इतकी सोपी नसते. गॅस पार गेलेला असेल तर आत कोरडा नायट्रोजन दाबाने भरतात आणि गेजचा काटा उतरतो का ते पाहतात. काही जण फक्त व्हॅक्युम मारून "धरला बघा, लीकेज नाही" असं सांगतात. हे पुरेसं नाही. व्हॅक्युममध्ये भोकावर फक्त एका वातावरणाचा दाब असतो, तोही बाहेरून आत. एसी चालू असताना कंडेन्सरवर पंधरा-सोळा वातावरणांचा दाब आतून बाहेर असतो. बाहेरून दाबल्यावर घट्ट बसणारी ओ-रिंग आतून ढकलल्यावर गळू शकते. व्हॅक्युमचं खरं काम ओल काढणं. हवा काढून घेतली की नळ्यांतलं पाणी ३० अंशांनाच उकळून वाफ होऊन निघून जातं. ओल राहिली तर कॉइलमध्ये द्रव सोडणाऱ्या एक्स्पान्शन वाल्व्हच्या तोंडाशी तिचा बर्फ होतो, आणि पुढे आम्ल तयार होऊन धातू खातं. म्हणून व्हॅक्युमला दिलेली तीस-चाळीस मिनिटं वाया गेलेली नसतात.

गळती अगदीच बारीक असेल तर डाय टाकतात. तेलात मिसळणारा हा रंग साध्या उजेडात नजरेत भरत नाही, पण अतिनील टॉर्च मारला की पिवळा-हिरवा पेटतो. न दिसणारा प्रकाश घेऊन दिसणारा प्रकाश परत देणारे हे रेणू. आपल्या नोटांवरचे क्रमांक अतिनील दिव्याखाली उजळतात तेही याच गुणाने. डाय टाकून गाडी आठ-पंधरा दिवस चालवायची आणि अंधारात परत पाहायची. कूलिंग कॉइल न खोलता तपासायची युक्ती तर फारच सुंदर आहे. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकतं ना? ते कॉइलवर जमलेलं हवेतलं बाष्प आहे, गळती नव्हे. पण कॉइल फुटलेली असेल तर त्या पाण्याबरोबर डाय खाली येतो आणि निचऱ्याच्या नळीच्या तोंडाशी चमकतो. तिथे चमक दिसली, तरच डॅशबोर्ड खोलायचा.

आता या वायूच्या पूर्वजांकडे वळायला हवं, कारण गळती शोधण्याची विद्या त्यांच्याबरोबर बदलत गेली. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळती म्हणजे जिवाशी खेळ. १९२८ साली थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आर-१२ बनवला. विषारी नाही, पेट घेत नाही. मोटारींच्या एसीत पुढे तोच राहिला. त्याची गळती शोधायला मेकॅनिक एक छोटी ज्योत वापरत. ज्योतीत तांब्याचा तुकडा तापलेला असे आणि जवळची हवा नळीने ओढली जाई. हवेत आर-१२चा अंश आला की निळी ज्योत हिरवी होई. फ्रीडरिश बाइलश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये सांगितलेली ही परीक्षा, क्लोरीन आणि तापलेलं तांबं भेटले की हिरवा रंग, गॅरेजात येऊन बसली होती.

मग १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवलं की हाच क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९०च्या दशकात नव्या गाड्यांत आर-१३४ए आला आणि १९९५ मध्ये त्या दोघांना पॉल क्रुट्झन यांच्यासह नोबेल मिळालं. नव्या रेणूत क्लोरीन नव्हता. ओझोन वाचला, आणि त्याच क्षणी ती हिरवी ज्योत निरुपयोगी झाली. ज्या गुणामुळे वायू घातक होता, त्याच गुणामुळे तो सापडत होता.

आज गळती हुंगणारी यंत्रं आली आहेत. त्यातली काही अवरक्त किरणांवर चालतात. कार्बन आणि फ्लोरीनचा बंध ठरावीक अवरक्त किरण गिळतो. यंत्राच्या आत तेवढा प्रकाश कमी झाला की यंत्र ओरडतं. या यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात वर्षाला चार ग्रॅम एवढी गळतीसुद्धा पकडता येण्याची अपेक्षा असते. पण अवरक्त किरण गिळणं म्हणजेच पृथ्वीची उष्णता अडवणं. आर-१३४ए पकडला जातो तो याच गुणाने आणि हवामानाला बाधतो तोही याच गुणाने. वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट तापवतो. साडेचारशे ग्रॅम गॅस उडून गेला तर सुमारे साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. पेट्रोलच्या गाडीला एवढा धूर सोडायला पाच हजार किलोमीटर पळावं लागेल, म्हणजे समृद्धी महामार्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात खेपा. २०१६ मध्ये किगालीला या वायूंवरही करार झाला आणि २०२१ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. पुढचा वायू आर-१२३४वायएफ, जो हवेत काही दिवसांतच मोडतो, परदेशी गाड्यांत रुळला आहे. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत अजून आर-१३४एच आहे.

आता पैशांचं. आधी एका गोड गैरसमजाबद्दल. गेज लावून "प्रेशर बरोबर आहे" असं सांगितलं जातं. एसी बंद असताना आतला दाब गॅसच्या मापावर नाही, तापमानावर ठरतो. आत द्रव शिल्लक आहे तोवर ४० अंशांना काटा १३३ पीएसआयच्या आसपासच राहणार, आत साडेचारशे ग्रॅम असो की दोनशे. चालू एसीवरचे दोन्ही काटे बरंच काही सांगतात, पण किती ग्रॅम आहे हे फक्त वजनाने कळतं. म्हणून चांगलं मशीन आधी उरलेला गॅस ओढून घेतं, तोलतं, आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं माप ग्रॅमवर मोजून भरतं. तुम्ही विचारायचा प्रश्न एकच, "किती निघाला?" साडेचारशेपैकी चारशे निघाला तर गारवा कमी असण्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. पंखा, केबिन फिल्टर, कॉम्प्रेसरचा क्लच, असं काहीही. दोनशेच निघाला तर गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत नवा गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं, अगदी शब्दशः.

आपण गॅसचे दोन हजार मुकाट्याने देतो, पण तपासणीचे चार-पाचशे मागितले की कपाळाला आठ्या घालतो. हे उलटं आहे, असं मला मनापासून वाटतं. गॅस बाजारात मिळतो, ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा शोधणारी नजर मिळत नाही. दर उन्हाळ्याला दोन हजार धरले तर चार वर्षांत आठ हजार गेले, आणि भोक आहे तिथेच. तेवढ्यात पुष्कळ छोट्या गाड्यांचा कंडेन्सर बदलून होतो. कूलिंग कॉइलचं बिल मोठं दिसतं कारण त्यात सुट्या भागाहून डॅशबोर्ड उतरवून परत बसवण्याची मजुरी जड असते, म्हणून गळती कॉइलचीच आहे हे दाखवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. डॅशबोर्ड खोललाच आहे तर एक्स्पान्शन वाल्व्ह आणि ओ-रिंगा त्याच फेरीत बदलाव्यात. पुन्हा तीच मजुरी कोण देणार? बिलावर गॅस ग्रॅममध्ये लिहून घ्यावा, जुना भाग हातात मागावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, आधी बहुतेकांवर २८ होता. जुन्या दराने लावलेलं बिल आलं तर ते दाखवून द्यावं.

विमा झिजेला किंवा आपसूक झालेल्या बिघाडाला मिळत नाही. खडीने फुटलेला कंडेन्सर अपघाती नुकसानात बसू शकतो, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपले, घसारा वेगळा, आणि दावा केला की २० ते ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस जातो. छोट्या दुरुस्तीला हा सौदा बहुधा परवडत नाही.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. एक, भोक बुजवणारं रसायन आत सोडणं. ते एक्स्पान्शन वाल्व्हमध्ये आणि पुढच्या मेकॅनिकच्या मशीनमध्येही जमून बसू शकतं. दुसरी, बेनामी स्वस्त गॅसचा सिलिंडर. जुन्या फ्रीजमधलं ते मिथाइल क्लोराइड बनावट आर-१३४ए म्हणून परत आलेलं आहे. ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन स्फोटक पदार्थ तयार होतात. २०११ मध्ये अशा गॅसने भरलेल्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट होऊन माणसं दगावली.

विजेच्या गाड्यांनी दांड्याचा प्रश्न मुळातून सोडवला आहे. त्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटर आतच असते, फ्रीजसारखी, त्यामुळे फिरत्या दांड्याचं सीलच नाही. पण तेच तेल आणि तोच वायू उच्च दाबाच्या विजेच्या गुंडाळ्यांना भिजवत असतात, म्हणून तिथे वीज न वाहू देणारं खास तेल लागतं. पेट्रोल गाडीचं तेल त्यात गेलं की इन्सुलेशन खालावतं. ईव्हीचा एसी उघडायला देण्याआधी मेकॅनिक कोणतं तेल वापरतो, हे विचारावंच.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीला हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावावा. डिसेंबर-जानेवारीत इथे कुणाला एसी आठवत नाही, कॉम्प्रेसर उभा राहतो, दांड्याच्या सीलवरचं तेल ओघळून जातं, सील कोरडं पडतं, आणि मार्चमध्ये बटण दाबलं की गरम वारा येतो. होळीनंतरच्या त्या रांगेतल्या काही गाड्यांचं दुखणं तरी डिसेंबरातच सुरू झालेलं असतं.